पासवर्ड सरांकडे, मग पायथन कोणाकडे?

आपल्या कॉम्प्युटर लॅबच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे : ‘विद्यार्थ्यांनी मशीनवर कोणतेही सॉफ्टवेअर इन्स्टॉल करू नये.’ खाली सही, शिक्का, सगळं रीतसर. हा कागद अर्धा बरोबर आहे आणि अर्धा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणता अर्धा कोणता, ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतला. (मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने बघून घ्यावं, मुद्द्याचं मी बघते.)

आधी कागदाची बाजू. दोन वर्षांपूर्वी हा कागद नव्हता. आपल्या लॅबच्या मशीनवर उबुंटू २०.०४ आहे आणि त्याच्यासोबत पायथन ३.८ येतं. एका सीनियरला प्रोजेक्टसाठी पायथन ३.१० पाहिजे होतं. त्या काळात रूटचा पासवर्ड म्हणजे उघडं गुपित, अख्ख्या लॅबला पाठ. त्याने बाहेरच्या पीपीएमधून ३.१० आणलं. इथवर सगळं ठीक होतं. पण ‘पायथन३’ टाईप केलं की अजूनही जुनंच उघडतं, म्हणून त्याने सिस्टिमची मूळ लिंकच नव्याकडे फिरवून टाकली. झालं! त्या मशीनवर टर्मिनल उघडेना. आयकॉनवर क्लिक करा, चक्र थोडं फिरतं आणि मग सगळं शांत. तोवर त्याने हा पराक्रम मित्रांची सोय म्हणून अख्ख्या रांगेत करून ठेवला होता. प्रॅक्टिकलची बॅच दारात उभी, लॅब असिस्टंट सर डोक्याला हात लावून : “कोणं केलं बे हे? काय करून राहिले तुम्ही लोकं?”

टर्मिनलचा आणि पायथनचा काय संबंध, असं मेकॅनिकलवाले विचारतील. संबंध फार जवळचा आहे. उबुंटूत टर्मिनल सुरू करणारा जो प्रोग्राम आहे ना, तो स्वतःच एक पायथनची स्क्रिप्ट आहे. पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं की मला सिस्टिमच्या पायथनने चालवा. ती स्क्रिप्ट खिडकी उघडायला एक लायब्ररी मागवते आणि ती लायब्ररी ३.८ साठी कंपाईल केलेली असते. तुम्ही लिंक ३.१० कडे वळवली की ३.१० म्हणतं, ही लायब्ररी मी ओळखत नाही. टर्मिनल मुकाट्याने मरतं. चुकीची कमांड टाईप केली की ‘हे पॅकेज टाकून बघा’ असं सुचवणारा मदतनीस, नवीन रेपॉझिटरी जोडणारी कमांड, फायरवॉल सोपी करणारं यूएफडब्ल्यू, ही सगळी मंडळीही पायथनमध्येच लिहिलेली. म्हणजे लिनक्सवरचं पायथन हे नुसतं आपल्या प्रॅक्टिकलसाठी ठेवलेलं नसतं. घराचा खांब असतो तो, आणि आपण त्याला शोकेसची वस्तू समजून हलवतो.

उमरेडकरांना समजेल असं सांगते. नागपूर-नागभीड नॅरोगेज आपल्या गावातूनच जायची, रुळांमधलं अंतर जेमतेम ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेज करायचं ठरलं आणि २०१९ च्या नोव्हेंबरात ती गाडी बंद झाली. रूळ बदलायचे तर गाडी बंद करावीच लागते, त्याच रुळावर दोन्ही गाड्या एकदम चालत नाहीत. आमच्या सीनियरने काय केलं, तर चालत्या गाडीखाली रूळ बदलले. त्याने आपल्यापुरती बाजूला वेगळी लाईन टाकायला हवी होती, आणि लिनक्समध्ये ती टाकायला जागेची, जमिनीची, मंत्र्याच्या हस्ते उद्घाटनाची, कशाचीच गरज नसते.

ही चूक फक्त उमरेडला होते असं समजून लाजू नका. जगभर इतक्या लोकांनी आपापल्या सिस्टिमचं पायथन मोडून ठेवलं की शेवटी सिस्टिम बनवणाऱ्यांनाच उपाय करावा लागला. रेड हॅटने २०१९ मध्ये आलेल्या आपल्या आठव्या आवृत्तीत सिस्टिमच्या कामाचं पायथन एका वेगळ्या, आडबाजूच्या फोल्डरमध्ये ठेवून दिलं आणि नुसतं ‘पायथन’ टाईप केलं तर काही मिळणार नाही अशी व्यवस्था केली. पाहिजे ती आवृत्ती तुम्ही मागून घ्या, आमच्या वाटेला जाऊ नका! उबुंटू आणि डेबियन २०२३ मध्ये जागे झाले. उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलं की सरळ नकार येतो : हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातं, इथे हात लावू नका, आपलं वेगळं बनवा. नकार डावलायचा एक पर्यायही दिलेला आहे. त्या पर्यायाचं नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’. एवढं स्वच्छ लिहिलंय की याने सिस्टिम मोडेल, तरी आपले पोट्टे युट्यूबवर पाहून ती कमांड कॉपी करतात, पेस्ट करतात आणि वर ‘हो गया भाई’ म्हणतात. या बाबतीत मी पूर्णपणे लॅब असिस्टंट सरांच्या बाजूने आहे. पासवर्ड काढून घेतला, शंभर टक्के बरोबर केलं.

आता दुसरा अर्धा.

कागदावर ‘सिस्टिममध्ये’ असा शब्द नाही. ‘मशीनवर’ असा आहे, ‘कोणतेही’ असा आहे. म्हणजे माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्येसुद्धा मी काही टाकायचं नाही. युनिक्सची रचना ज्याला थोडी जरी माहीत आहे त्याला हे वाचून हसू यायला पाहिजे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये युनिक्स उभं केलं. एका मशीनवर अनेक माणसं, प्रत्येकाचं घर वेगळं, आणि एकाने आपल्या घरात काही केलं तर शेजाऱ्याचं भांडंही हलू नये, ही व्यवस्था त्यात अगदी सुरुवातीपासूनची. रूट हा एकटा सगळ्यांच्या घरात शिरू शकतो, म्हणून त्याचा पासवर्ड जपायचा. बाकीच्यांना आपापल्या होम फोल्डरमध्ये वाट्टेल ते करायची मोकळीक. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, तावून सुलाखून निघालेली ही योजना.

आणि आपण काय करतो? तीस मशीन, प्रत्येकीवर एकच युजर, त्याचं नाव ‘स्टुडंट’, पासवर्डही ‘स्टुडंट’. सकाळची बॅच, दुपारची बॅच, फर्स्ट इयर, फायनल इयर, सगळे त्या एकाच घरात! डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘डोन्ट डिलीट प्लीज’. मागच्या सेमिस्टरला माझ्या रूममेटचा अर्धा लिहिलेला प्रोग्राम कोणीतरी जागा करायला म्हणून उडवला. कोणी उडवला हे कळायचा मार्गच नाही, कारण उडवणारा ‘स्टुडंट’ आणि बनवणारीही ‘स्टुडंट’. अनेकांसाठी बनवलेली सिस्टिम आणून ती आपण धर्मशाळेसारखी चालवतो, आणि मग धर्मशाळेत चोरी होते म्हणून खोल्यांना कुलूप लावतो.

याचा त्रास कोणाला होतो ते लक्षात घ्या. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याला काडीचा होत नाही. तो रूमवर येतो, पाहिजे ते टाकतो, बिघडलं तर फॉरमॅट मारतो आणि बिघडवता बिघडवता शिकून जातो. माझी रूममेट भिवापूरकडची, घरी मिरचीची शेती. तिच्याकडे लॅपटॉप नाही. तिचं सगळं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग लॅबच्या त्या मशीनवर, आणि लेडीज होस्टेलचं गेट सात वाजता बंद होतं म्हणजे तेही सातच्या आत. पुस्तकातलं ‘मॅच-केस’ तिने जसंच्या तसं टाईप केलं तर सिंटॅक्स एरर. तिने चार वेळा कंस तपासले. कंस बरोबरच होते. ते वाक्य पायथनमध्ये आलंच ३.१० पासून, २०२१ मध्ये, आणि लॅबमध्ये आहे ३.८. दुसरीकडे नमपाय २.० ला किमान ३.९ लागतं. ३.८ वर पिपला नमपाय मागितलं तर तो काही तक्रार न करता जुनी १.२४ काढून हातात ठेवतो. मग पुस्तकातलं उत्तर एक आणि स्क्रीनवरचं दुसरं, आणि पोरगी समजते की आपल्यालाच येत नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. पायथन ३.८ ची देखभाल खुद्द पायथनवाल्यांनी २०२४ च्या ऑक्टोबरात थांबवली, उबुंटू २०.०४ चा नेहमीचा मोफत सपोर्ट २०२५ च्या मे महिन्यात संपला, आणि कमी मार्क मात्र तिला.

“अगं, कोलॅबवर कर ना, ब्राउझरमध्ये सगळं तयार असतं,” असा सल्ला मीच तिला दिलेला आहे आणि वेळेला तो चांगलाच आहे. पण दुसऱ्याने मांडून ठेवलेल्या ताटावर बसून स्वयंपाक येत नाही. प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत ‘पाथ व्हेरिएबल म्हणजे काय’ विचारतात तेव्हा वर्गात पहिली येणारी मुलगी छताकडे बघते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि पाथ म्हणजे आहे तरी काय? तुम्ही ‘पायथन३’ म्हटलं की शेल ज्या क्रमाने फोल्डर धुंडाळतं त्या फोल्डरांची यादी. जिथे पहिलं सापडलं तिथे थांबायचं. माझ्या फोल्डरचं नाव यादीत सर्वांत पुढे लिहिलं की माझं पायथन आधी सापडतं, सिस्टिमचं जिथल्या तिथे राहतं, आणि टर्मिनल सुखाने उघडतं. आमच्या सीनियरला लिंक फिरवायची काहीच गरज नव्हती, आपल्या घरातली एक ओळ बदलली असती तर भागलं असतं. ही एक गोष्ट समजायला दहा मिनिटं लागतात. पण ती स्वतः एकदा इन्स्टॉल करताना आणि एकदा गोंधळ झाल्यावरच समजते, फळ्यावर समजत नाही.

बरं, रूटशिवाय पायथन टाकता येतं का? येतं, आणि एकाहून अधिक रस्त्यांनी येतं. सर्वांत हलका रस्ता व्हेनव्हचा. सिस्टिममध्ये जे पायथन आहे त्याचीच आपल्या फोल्डरमध्ये एक शाखा उघडायची. पॅकेजेस सगळी त्या शाखेत जातात, मूळ जागी काही जात नाही, आणि कंटाळा आला की फोल्डर डिलीट केलं, काम संपलं. पण व्हेनव्हने आवृत्ती बदलत नाही, ३.८ ची शाखा ३.८ च राहते. नवीन आवृत्ती पाहिजे तर दुसरा रस्ता : सोर्स कोड उतरवा, सोडवा आणि कॉन्फिगर करताना ‘प्रीफिक्स’ म्हणून आपल्या होममधलं फोल्डर द्या. मग मेक, मग मेक इन्स्टॉल. काही मिनिटं स्क्रीनवरून ओळी धावतात (सिनेमातल्या हॅकरसारखं वाटतं, खोटं कशाला बोलू) आणि तुमचं स्वतःचं पायथन तयार. यात एक नेहमीची मेख आहे. ओपनएसएसएल आणि झेडलिबच्या डेव्हलपमेंट फायली मशीनवर नसल्या तरी पायथन बनतं, हसत हसत बनतं, आणि मग पिप चालवला की म्हणतं एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही. अर्धा दिवस गेला समजा. म्हणून कॉन्फिगर आणि मेकच्या शेवटी जे छापून येतं ते वाचावं. वाचत कोणीच नाही, तो भाग वेगळा. तिसरा रस्ता नवा आहे. २०२४ मध्ये यूव्ही नावाचं एक साधन आलं, ते आधीच बनवलेलं पायथन उतरवून थेट तुमच्या होममध्ये ठेवतं. कंपायलर नको, रूट नको. सोयीचं आहे, मी वापरते. पण पहिल्या वेळी तरी सोर्समधूनच बनवा असं मी म्हणेन, कारण रनटाईम ही काही आकाशातून पडलेली वस्तू नाही, तोही कोणीतरी सी मध्ये लिहिलेला एक प्रोग्राम आहे, हे तेव्हाच पटतं.

“शेअर केलेल्या मशीनवर पोरांना असं मोकळं सोडता येत नाही,” असं मला एका सरांनी सांगितलं. सर मोठे आहेत, पण याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर बनवला. त्या संस्थेचे प्रमुख डॉ. विजय भटकर नागपूरच्याच व्हीआरसीईत, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत शिकले. त्याच परमच्या घराण्यातलं ‘परम ब्रह्म’ पुण्याच्या आयसरमध्ये बसवलेलं आहे. असल्या सुपरकॉम्प्युटरवर अनेक संशोधक एकाच वेळी काम करतात आणि त्यांच्यापैकी कोणाकडेही रूटचा पासवर्ड नसतो. तिथे चालतं कसं? प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, स्वतःचं होम, ठरलेला कोटा. सिस्टिमवाले नेहमीच्या कंपायलरच्या आणि पायथनच्या तीन-चार आवृत्त्या बाजूला मांडून ठेवतात, पाहिजे ती तुम्ही ‘मॉड्यूल लोड’ म्हणून उचलायची. त्याहून वेगळं काही पाहिजे असेल तर आपल्या होममध्ये बनवून घ्या, कोणी विचारत नाही. कोट्यवधींच्या मशीनवर जे चालतं ते आपल्या तीस डेस्कटॉपवर चालू नये?

त्याहून मजेशीर उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या खैरातचं. २००७ साली तिथल्या छोट्याशा शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’वाल्यांनी आपले हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हातात दिले. आत फेडोरावरून तयार केलेलं लिनक्स. वरचा चित्रांचा इंटरफेस, त्याचं नाव ‘शुगर’, पायथनमध्ये लिहिलेला. म्हणजे तिथलं पहिली-दुसरीचं पोरगं दिवसभर पायथन रनटाईम चालवत होतं, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. कीबोर्डवर एक बटण असं दिलेलं की ते दाबलं की चालू प्रोग्रामचा सोर्स कोड दिसावा. आणि आपल्या कामाची गोष्ट ही की नवीन ‘ॲक्टिव्हिटी’ टाकली की ती मुलाच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्येच जायची, रूट लागायचा नाही! प्रकल्प पुढे किती फळला यावर लोकांनी भरपूर वाद घातले, ते वाद बाजूला ठेवू. मला एवढंच दिसतं की २००७ मध्ये खैरातच्या पोराला जो हक्क होता तो आज उमरेडमध्ये थर्ड इयर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नाही.

मागच्या पिढीचे सीनियर अजून हिकमती होते, असं जुन्या बॅचच्या लोकांकडून ऐकायला मिळतं आणि ते खरं असावं. त्यांच्या वेळी इंटरनेट म्हणजे सायबर कॅफेत तासावर. उबुंटू तेव्हा फुकट सीडी पोस्टाने घरी पाठवायचं, २०११ पर्यंत ही चैन होती. ‘लिनक्स फॉर यू’ मासिकासोबत सीडी यायची, ती होस्टेलमध्ये हातोहात फिरायची. आणि त्यांचं दुखणं पायथन नव्हतं, जावा होतं. सनच्या जावाचं लायसन्स मोकळं नव्हतं, त्यामुळे बहुतेक लिनक्ससोबत ते सरळ येतच नसे. वेगळी फाईल आणायची, लायसन्सची पानं खाली सरकवत शेवटी ‘यस’ लिहायचं, फोल्डर हलवायचं, जावा-होम सेट करायचं, आणि एवढं करून ‘क्लास नॉट फाउंड’! सनने १३ नोव्हेंबर २००६ ला जावा जीपीएलखाली देत असल्याची घोषणा केली, पुढच्या वर्षी ओपनजेडीके आलं आणि हळूहळू ते एका कमांडवर आलं. आज आपण ‘एप्ट इन्स्टॉल’ म्हणून एंटर मारतो त्यामागे लायसन्सचं एवढं भांडण आहे. ते शिकवायला हवं, पण आपल्या जर्नलमध्ये ‘एम : टु इन्स्टॉल जावा’ असा प्रयोग नाही. प्रयोग क्रमांक एक थेट ‘हॅलो वर्ल्ड’. म्हणजे गाडी शिकवायची ती टॉप गिअरपासून.

आता माझं म्हणणं नेमकं काय, ते ऐका. रूटचा पासवर्ड मला नको. फुकट दिला तरी नको. मला माझं लॉगिन पाहिजे, रोल नंबरच्या नावाने, आणि त्याला एक होम फोल्डर. होम एकाच मशीनवर अडकू नये म्हणून लॅबच्या कपाटामागे धूळ खात पडलेल्या जुन्या मशीनपैकी एकीला सर्व्हर करा आणि सगळ्यांची होम तिथून एनएफएसने द्या. मग मी कोणत्याही मशीनवर बसले तरी माझं घर माझ्यासोबत येईल. सिस्टिमवर सरांनी एकदाच टाकायचं ते असं : व्हेनव्हचं पॅकेज (उबुंटूत ते वेगळं टाकावं लागतं, नाहीतर व्हेनव्ह अर्ध्यावर अडतं), कंपायलरचा संच आणि वर सांगितलेल्या डेव्हलपमेंट फायली. एका दुपारचं काम आहे. उबुंटूची आवृत्तीही वाढवायला पाहिजे, पण त्याला सुट्टी लागेल. ते दिवाळीत करा.

जागेचं काय? कोटा लावा, युनिक्समध्ये त्याची सोय आहे. एक अख्खं पायथन काही शे एमबी खातं, मुलांच्या डाउनलोडमधल्या पिक्चरपेक्षा कमीच. परीक्षेत कॉपी होईल? परीक्षेचं लॉगिन वेगळं ठेवा, कोरं, रोज पुसलं जाणारं. व्हायरस? माझ्या लॉगिनमधून काही वाईट चाललं तर ते माझ्या फायली खाईल, नेटवर्कला त्रास देईल, हे मान्य. पण सिस्टिमला हात लावू शकणार नाही, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या लॉगिनमधून झालं ते कळेल. आज कळत नाही. भीती वाटायची तर मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. वेबसाईटवर दिसलेली स्क्रिप्ट न वाचता थेट शेलमध्ये ओतायची सवय आपल्याला लागली आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या साध्या कॉम्प्रेशनच्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा लपवलेला सापडला. पकडला कोणी, तर आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय या शंकेवरून. अर्धा सेकंद! आपली लॅब अर्धा तास हँग झाली तरी आपण चहाला जातो. उतरवलेल्या फाईलचा चेकसम जुळवून पाहणं, ही सवय जर पहिल्याच प्रॅक्टिकलला लावली तर व्हायरसची चर्चा करायची वेळ कमी येईल.

राहिला नेटचा प्रश्न, आणि उमरेडमध्ये हा प्रश्न खरा आहे. तीस जणांनी एकदम तेच पॅकेज उतरवायला घेतलं की लाईन गुदमरते. त्यासाठी एप्ट-कॅशर नावाचा प्रोग्राम त्याच जुन्या सर्व्हरवर बसवा. पहिल्या मुलीने पॅकेज उतरवलं की ते सर्व्हरवर राहतं, बाकी एकोणतीस जणांना लॅबच्या आतल्या आतून मिळतं. पिपची पॅकेजेसही एकदा उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवता येतात आणि मग नेट नसताना, लाईट जाऊन नुकती आलेली असताना, पिपला सांगायचं : बाहेर बघू नको, या फोल्डरमध्ये बघ. पेनड्राइव्हवर घेऊन होस्टेललाही नेता येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्सचे आणि पायथनचे धडे मराठीतही आहेत, तेही त्याच सर्व्हरवर ठेवावेत. त्यांची पद्धत अशी की अर्ध्या स्क्रीनवर धडा बघायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर लगेच स्वतः करून पाहायचं. आज आपल्या लॅबमध्ये पहिला अर्धा जमतो. दुसऱ्या अर्ध्यावर दारावरचा कागद आहे.

आणि पोरांनो, तुम्हालाही एक. लॉगिन मिळालं आणि तुम्ही पहिल्याच दिवशी त्यात गेम टाकलात, सर्व्हर भरवलात, दुसऱ्याचा पासवर्ड मागून घेतलात, तर सर दुसरा कागद चिकटवतील आणि तेव्हा मी तुमच्या बाजूने लिहिणार नाही. ज्या सीनियरने रूळ उखडले त्याच्या बॅचला शिव्या घालणं सोपं आहे. पण टर्मिनल का उघडत नाही हे शोधायला त्या दिवशी किती जण थांबले? दोन. बाकीचे कॅन्टीनला तर्री-पोहे खायला. नंतर त्या दोघांनी आणि लॅब असिस्टंट सरांनी मिळून कन्सोलवरून लॉगिन केलं, लिंक पुन्हा ३.८ कडे वळवली आणि सगळ्या मशीन एकेक करून उभ्या केल्या. सरांना हे सगळं जमतं, पासवर्ड योग्य माणसाकडे आहे. मला फक्त सरांनी आपला वेळ कुलपं लावण्यात घालवू नये असं वाटतं.

एचओडी सरांना द्यायचा अर्ज तयार आहे, दोन पानांचा. त्यात वरच्या सगळ्या गोष्टी, लागणारी पॅकेजेस नावानिशी, आणि सर्व्हर बसवायला शनिवारी दुपारी थांबायला तयार असलेल्या मुलामुलींची यादी आहे. यादीत सध्या अकरा नावं. लेडीज होस्टेलची प्रत मेसच्या दाराशी, बॉइज होस्टेलची रेक्टर सरांच्या टेबलावर ठेवली आहे. रविवारपर्यंत सही करा. पेन आपापलं आणा, मेसमधलं चालत नाही.